तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी चालवता येत नाही, मग ही मासिकं कशाला?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस पाणी पिऊन होईपर्यंत गप्प असतो. मग त्याची नजर दिवाणाखालच्या खोक्यांकडे जाते. एखादा अंक ओढून काढतो, मुखपृष्ठावरची बॉनेट नसलेली, इंजिन उघडं टाकलेली गाडी बघतो आणि विचारतो, "काका, तुमची गाडी कोणती?" माझी गाडी नाही. मला गाडी चालवताही येत नाही, सगळं आयुष्य स्कूटरवर गेलं. यावर ठरलेला पुढचा प्रश्न येतो: मग अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांची ही मासिकं कशाला जमवता?

दर वेळी "आहे आपली आवड" म्हणून मी वेळ मारून नेतो. परवा भाचेसुनेनं विचारलं आणि ती उत्तर घेतल्याशिवाय हलेना. तिला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितो.

मी टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. आयटीआय करून भोसरीच्या एका टूलरूममध्ये चिकटलो तो तिथूनच निवृत्त झालो. १९८४ साली साहेबांनी मला मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर रीमर आणायला पाठवलं. काम बाराच्या आत उरकलं आणि डेक्कन क्वीनला पाच वाजेपर्यंत अवकाश. फोर्टात फूटपाथवरची पुस्तकं चाळत फिरत होतो, तिथे हे सापडलं. खिशात मावेल एवढं मासिक, मुखपृष्ठ फाटून गेलेलं, आत नाव 'रॉड अँड कस्टम'. इंग्रजी तेव्हा जेमतेम, म्हणून नुसती चित्रं बघितली. चित्रात बनियनवरचा एक माणूस चांगल्या गाडीचं छप्पर करवतीनं कापत होता.

याला ते लोक 'चॉप' म्हणतात. गाडी बसकी दिसावी म्हणून छताच्या खांबांतून तीन-चार इंच काढायचे आणि छत खाली आणून पुन्हा जोडायचं. ऐकायला डब्याचं झाकण बसवण्याइतकं सोपं. पण खांब सरळ नसतात ना. पुढचा मागे कललेला, मागचा पुढे, आणि दोन्ही वर जाताना आत झुकलेले. मधले तीन इंच गेले की वरचं छत खालच्या खुंटांवर बसतच नाही, चहूबाजूंनी तोकडं पडतं. मग छत आडवं-उभं चिरून मध्ये पत्र्याची पट्टी घाला, नाहीतर खांबांना मुळाशी खाच देऊन ते कलते करा. १९३२ च्या फोर्डचे खांब जवळजवळ उभे, तिथे निभावतं. १९४९ ची मर्क्युरी म्हणजे पालथं घातलेलं घमेलं. तिच्यात गुण्या लावायला एक सरळ रेघ मिळायची नाही.

आणि कापण्याआधी काय करायचं, तर आत आडवे-तिरपे लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवून घ्यायचे. नाहीतर छत सुटल्याबरोबर बॉडी फाकते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. मी मासिकात हे बघितलं आणि मनात म्हटलं, अरे, हा आपल्यातला आहे. कापल्यावर जॉब (घडवायचा तुकडा) 'उघडतो', म्हणजे फाकतो, हे आमच्या टूलरूममध्येही एखादा जॉब भंगारात गेल्यावरच कळायचं. काचही कापावी लागते. सपाट, दोन थरांची असेल तर हिरकणीनं कापता येते. टफन्ड असेल तर पायाशी साबुदाणा.

त्या दिवशी आगगाडीत कर्जतपर्यंत मी तीच पानं पुढे-मागे करत होतो. मला गाडीचं काहीच पडलेलं नव्हतं. मी त्या माणसाचे हात बघत होतो.

पुढे इंग्रजी सुधारलं (शब्दकोश आणि ही मासिकं, दोघांच्या कृपेनं) आणि हा सगळा प्रकार कळत गेला. मुळाशी आहे फोर्डनं १९३२ मध्ये काढलेलं व्ही-८ इंजिन. आठ सिलिंडर, ६५ अश्वशक्ती, सगळा ब्लॉक एका ओतकामात, आणि गाडी पाचशे डॉलरच्या आत. तोवर व्ही-८ हे श्रीमंतांचं काम होतं. या इंजिनाला एक खोड होती. एग्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर काढलेल्या, आणि त्यातही प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड. म्हणजे जळलेला वायू जाता जाता पाणी उकळवून जायचा. कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातून असली इंजिनं उचलायची, दोन-दोन, तीन-तीन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर बसवायची, एडलब्रॉक किंवा ऑफेनहाउझरची ॲल्युमिनियमची हेडं लावायची, गाडीचं जे जे निघेल ते काढून टाकायची आणि मोहावे वाळवंटातल्या मुरॉक, एल मिराजसारख्या सुकलेल्या तलावांवर नेऊन पळवायची. स्ट्रॉम्बर्ग ९७ मधला ९७ म्हणजे व्हेंचुरीचं, कार्बोरेटरच्या अरुंद गळ्याचं माप, ०.९७ इंच. हे कळलं तेव्हा मला नोटा सापडल्याचा आनंद झाला. टर्नरला माप सापडलं की तो खूश.

महायुद्धावरून परतलेल्या पोरांच्या हाताला यंत्रांची सवय लागलेली होती, त्यामुळे हे खूळ वाढलं. काही जण रात्री शहरातल्या रस्त्यांवरच शर्यती लावायचे. वर्तमानपत्रं झोडपायची. अशा कापून-बदलून पळवायच्या गाडीला 'हॉट रॉड' म्हणत, आणि तो शब्द म्हणजे आपल्याकडे 'टपोरी' म्हणतात तसा. अशा वेळी जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत (लष्करी इमारतीत) या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, आणि रॉबर्ट पीटरसन नावाच्या २१ वर्षांच्या पोरानं रॉबर्ट लिंडसे या जोडीदाराबरोबर 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक तिथे २५ सेंटला विकायला आणला. लोक ज्या नावानं शिव्या देत होते तेच नाव त्यांनी मासिकाच्या डोक्यावर छापलं. १९४९ पासून संपादक वॉली पार्क्स. त्यांनी पानापानांतून एकच धोशा लावला, रस्त्यावर नको, बंद मैदानात पळवा. १९५१ मध्ये त्यांनी त्यासाठी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली. एका मासिकानं एका खुळाला नियम, हेल्मेट आणि घड्याळ दिलं असं म्हटलं तर मला ते फार वाटत नाही. टॉम मेडलींचा 'स्ट्रोकर मॅकगर्क' नावाचा व्यंगचित्रातला येडा पोरगाही त्याच मासिकातला. मागे पॅराशूट उघडून गाडी थांबवायची कल्पना आधी त्याला सुचली, शर्यतवाल्यांना नंतर, असं हॉट रॉडवाले आजही मिशीला पीळ देऊन सांगतात.

दुसरी जमात क्लासिकवाल्यांची. यांचं व्रत उलटं. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, बोल्टच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा मूळचाच पाहिजे. त्यांच्या मासिकांत मी फार रमत नाही. जुनी वस्तू जपणाऱ्याबद्दल आदर आहे, पण देव्हारा करणाऱ्याशी गप्पा काय मारणार? अपवाद एकच, 'हेमिंग्ज मोटर न्यूज'. १९५४ साली इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावात अर्नेस्ट हेमिंग्ज यांनी ते सुरू केलं, पुढे ते व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला गेलं. माझ्याकडचे जुने अंक म्हणजे विटेएवढा जाड गठ्ठा आणि आत पानंच्या पानं छोट्या जाहिराती. थेट वधू-वर सूचक मंडळ. अमुक सालची, अमुक रंगाची, थोडा गंज, मूळ इंजिन, फक्त मनापासून इच्छुकांनीच संपर्क साधावा. एखाद्याला नुसतं डाव्या दाराचं हँडल हवं असतं. मला विकत काही घ्यायचं नाही, तरी मी रात्री दोन पानं वाचल्याशिवाय झोपत नाही. सौ. म्हणते, पोथी झाली का?

नव्वदीनंतरचे गुळगुळीत अंक मात्र मी खोक्यात तळाला घातलेत. गाड्या देखण्या, छपाई काचेसारखी. पण काम धंदेवाईक दुकानात करून घेतलेलं, खर्च ऐकून घेरी येईल असा, आणि इंजिनाभोवती तेलाचा एक डाग नाही. हात कुठे गेले? चित्रात मालक असतो, तो हाताची घडी घालून उभा.

'रॉड अँड कस्टम' २०१४ मध्ये बंद पडलं. डिसेंबर २०१९ मध्ये तर त्याच प्रकाशन घराण्यातल्या २२ छापील मासिकांपैकी फक्त ३ ठेवून बाकीची बंद करत असल्याची घोषणा झाली. 'हॉट रॉड' वाचलं, 'कार क्राफ्ट' आणि 'स्ट्रीट रॉडर' गेली. मी ही बातमी फोनवर वाचली. आमच्याकडे त्या दिवशी सुतक होतं असं सौ. सगळ्यांना हसत सांगते.

कुणीकुणी विचारतं, हात चालतो तर स्वतः एखादी गाडी का नाही कापत? एक तर आपला मोटार वाहन कायदा. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही की नोंदणीतले तपशील कारखान्यानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आली, पण तीही चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाड्यांनाच. म्हणजे आपलं सरकार क्लासिकवाल्यांच्या पक्षात. तरी आपल्याकडे कापाकापी झालीच नाही असं नाही. पेट्रोल जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवणारे गॅरेजवाले मी डोळ्यांनी बघितलेत. माउंटिंग स्वतः घडवायचे, शाफ्ट कापून घ्यायचे, आणि तो शाफ्ट लेथवर चढवायला आमच्यासारख्याकडेच यायचे. पण त्यांना वेग नको होता, डिझेल स्वस्त होतं. त्यांचं मासिक कुणी काढलं नाही. काढलं असतं तर मी वर्गणीदार नंबर एक.

आता त्या पहिल्या अंकाचं राहिलंच. त्यातला छप्पर कापण्याचा लेख आठ चित्रांचा. सात चित्रं आहेत. आठव्याच्या जागी चौकोनी भोक आहे, कारण पाठीमागच्या पानावर कुठल्याशा सुट्या भागांच्या कॅटलॉगचं कूपन होतं आणि ते पहिल्या मालकानं कात्रीनं नीट कापून पोस्टात टाकलं. सातव्या चित्रात छत टाके मारून बसवलंय, मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात अजून बोटभर फट आहे. ती फट त्यानं पट्टी घालून भरली की खांब आणखी दाबला, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. ग्राफपेपरवर दोन्ही करून बघितलं. माझ्या हिशेबानं खांब दाबला तर पावणेदोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी पडतं, म्हणजे पट्टीच घातली असणार. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर हाच अंक अख्खा असेल तर तेवढं बघून कळवा.