भाचीची पहिली गाडी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळा आहेस का? गाडी बघायला जायचंय, तू हवास." पोरगी चोवीस वर्षांची. चाकणला नोकरीला लागून दोन वर्षं झाली. मला वाटलं, स्विफ्ट नाहीतर बलेनो असेल. पाठोपाठ फोटो आला. लाल रंगाची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ सालची, दुसऱ्या मालकाकडची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आत. मागणी साडेसतरा लाख.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. एकोणीस वर्षं अपघात झालेल्या गाड्या बघतोय. त्यामुळे तो फोटो बघून आधी पोटात गोळा आला आणि मग, खरं सांगायचं तर, गाडी आवडली. तिला लगेच 'नको' म्हणणं मला जमलं नाही आणि ते बरोबरही झालं नसतं. तिनं व्हीआरएसबद्दल सहा महिने वाचलं होतं. गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं हे तिला तोंडपाठ होतं. एवढ्या प्रेमानं कुणी काही मागत असेल तर त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

ताईचं म्हणणं वेगळं. तिला १९ मे २०२४ ची पहाट आठवली. कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले ती. पुण्यातल्या कुठल्याही आईला ती आठवणारच. पण मी ताईला म्हटलं, पोरीला त्या रांगेत बसवू नकोस. ती सहा वर्षं गाडी चालवतेय, परवाना आहे, स्वतःच्या पगारातून घेतेय आणि घ्यायच्या आधी मामाला विचारतेय. माझी काळजी तिच्या वागण्याची नाही. तिच्या हाताला अजून त्या गाडीची सवय नाही, एवढीच आहे.

रविवारी गेलो. विक्रेता भला माणूस होता, चालवून बघू द्या म्हटल्यावर स्वतः मागे बसला. किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागलो. भाची चालवत होती, छान चालवत होती. थोड्या वेळानं मी म्हटलं, "काट्याकडे बघू नकोस, रस्त्याकडेच बघ. आत्ता वेग किती असेल?" ती म्हणाली, "सत्तर? फार तर पंचाहत्तर." काटा शंभरला टेकला होता. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागातली मर्यादाच तेवढी. बोनेटमधून आवाज नाही, स्टिअरिंगला थरथर नाही, सीटनं माणसाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेलं.

त्याच संध्याकाळी ताईची जुनी वॅगनआर घेऊन त्याच पट्ट्यात गेलो. तोच प्रश्न. ती म्हणाली, "ऐंशी." काटा ब्याऐंशीवर होता. वॅगनआर सगळं सांगते. इंजिन ओरडतं, दारातून वारा शिट्टी घालतो, ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. भाचीचे कान या आवाजांवर तयार झालेत. व्हीआरएसमध्ये ते आवाजच नाहीत, मग वेग कळणार कशावरून? सवय नसलेल्या चालकाला जोरदार गाडी का नको, याचं माझ्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अंदाजातला हा पंचवीस-तीस किलोमीटरचा फरक. तिनं चूक केली असती तर ती मस्तीत नाही, प्रामाणिकपणे केली असती. आणि १०० वरून १४० वर गेलं की वेग दीडपटही होत नाही, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

एका गाडीची गोष्ट तिला मुद्दाम सांगितली. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी ताम्हिणीतली एक केस बघितली. मुलगा तेवीसचा, सेकंड हँड पण चांगली ताकदीची सेडान, घेऊन सात आठवडे झालेले. पाऊस, उतार, डावीकडचं वळण. वेग जास्त वाटला म्हणून त्यानं वळणातच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. आपण कुणीही तेच करू. पण पाय काढला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात. पुढचे दोन टायर नवे होते, मागचे गुळगुळीत. मागचा भाग फिरला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात आपटली. दरीच्या बाजूला गेली नाही.

गाडी यार्डात आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे सीटबेल्ट बघितला. मोठी धडक बसली असेल तर खांबावरच्या कडीतून बेल्ट जिथे खाली वळतो, तिथे विणीवर एक चकचकीत, करपल्यासारखी पट्टी उमटते. त्या क्षणी माणसाचा सगळा भार तिथे आलेला असतो. ती पट्टी दिसली की मी कागद बाजूला ठेवून आधी फोन करतो. त्याच्या वडिलांनी उचलला. दोन बरगड्या आणि मनगट, बाकी ठीक. मी यार्डातच थोडा वेळ बसून राहिलो.

पुढचं मात्र ठीक नव्हतं. गाडी घेतली तेव्हा पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर होती आणि ती तशीच राहिली. जुनी गाडी घेतलीत तर थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळायचं असेल तर चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी अहवालात जे होतं ते लिहिलं, क्लेम नामंजूर झाला. गाडी गेली, कर्जाचा हप्ता राहिला. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. आता जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी चौदा दिवसांचं हे आधी सांगतो, अभिनंदन नंतर.

पैशाचं गणित आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता मांडलं. भाचीच्या हातात येतात सत्तर हजार. तेरा लाख कर्ज, जुन्या गाडीला व्याज तेरा टक्के धरलं, पाच वर्षं. हप्ता साडेएकोणतीस हजार. थर्ड पार्टीचा विमा पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला २०२२ पासूनच्या दरानं वर्षाला ७,८९७, वर जीएसटी. टायर २२५/४५ आर १७, चारांचा खर्च पन्नास हजारांच्या घरात. त्या टायरची भिंत इतकी बुटकी की चाकणच्या रस्त्यावर एक खड्डा चुकला की टायरला टेंगूळ आणि अलॉयचं चाक वाकडं. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग या सगळ्यांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. बंपरच्या बिलातले अर्धे पैसे आपले. खरी भीती पुढची असते. हप्ता भरून हात रिकामा झाला की माणूस टायर 'अजून सहा महिने चालतील' म्हणतो, ब्रेक ऑइल पुढच्या सर्व्हिसला ढकलतो. ताम्हिणीतल्या त्या मागच्या टायरांची गोष्ट मला अशीच वाटते.

भाचीनं एकच प्रश्न विचारला. "मग जोरात चालवायला शिकायचं कुठे?" प्रश्न योग्य आहे आणि 'शिकायचंच कशाला' हे त्याचं उत्तर नाही. कोइंबतूरला २.१ किलोमीटरचा करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे रेसिंगचं प्रशिक्षण मिळतं. समोरून एसटी येत नाही, कडेला बाजरी वाळत घातलेली नसते, चुकलं तर गाडी मातीत जाते. सुट्टी काढून जा, अर्धा खर्च माझा, असं सांगितलं. मी मनापासून म्हणालो आणि तिनं ते लक्षात ठेवलंय.

माझं मत तिला स्पष्ट दिलं. व्हीआरएस तुझी दुसरी गाडी असू दे. पहिली गाडी शंभर-सव्वाशे पीएसची, हलकी, हातानं गिअर टाकायची घे. २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगनची एक लिटर टर्बो पेट्रोलची (टीएसआय) पोलो मी सुचवली. ११० पीएस, सहा गिअर, आपल्या चाकणलाच बनलेली. इंजिन ९९९ सीसी, म्हणजे थर्ड पार्टी २,०९४ मध्ये भागतं. त्या गाडीत वरंधा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण वापरता येतं, आणि पूर्ण वापरूनही तुम्ही माणसात असता. व्हीआरएसमध्ये आपल्या रस्त्यावर निम्मी ताकद वापरायलाही जागा नाही.

ती दोन दिवस बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण मी फोन केला नाही. कुणाचं सहा महिन्यांचं स्वप्न आपण एका रविवारात मोडलं की त्यानं थोडं रुसायला हवंच.

परवा संध्याकाळी साडेसहाला फोन आला. ती पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटी उभी होती. निळी पोलो, २०२१ ची. आवाजात धाप होती, बहुतेक खाली वाकून बोलत होती. "मामा, पुढचे टायर नवे आहेत. मागच्यावर एकतीस-वीस लिहिलंय. म्हणजे २०२० चा एकतिसावा आठवडा ना? आणि मालक म्हणतोय, पॉलिसीचं नंतर बघू."

मी म्हटलं, "टोकन देऊ नकोस. तिथेच थांब, मी निघालो."