काळ्या रंगाखालचा वेल्ड

जुन्या जीपगाड्यांचे स्टिअरिंगचे भाग विकत घेऊन, ते दुरुस्त करून पुन्हा विकणे हा माझा पुण्यातला व्यवसाय आहे. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि विलिसने १९५३ साली आणलेला सीजे ३बी हा नमुना तर आपल्याकडे पुढे कित्येक दशके तयार होत राहिला. त्यामुळे उंच बॉनेटच्या या जीपा अजून कुठे कुठे शेतावर राबताना दिसतात. मात्र त्यांचा धड स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे हातातल्या चाकाचे फिरणे पुढच्या चाकांकडे पोचवणारी पेटी, हवा असेल, तर तो आता भंगारातच शोधावा लागतो.

त्या बुधवारी वाईकडचे एक वयस्कर शेतकरी एसटीने आले होते. त्यांनी आधीच इसार दिला होता, आणि मोबदल्यात द्यायचा जुना बॉक्स पोत्यात घालून आणला होता. त्यांच्यासाठी काढून ठेवलेला बॉक्स मी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून ‘पूर्ण तयार’ म्हणून घेतला होता. तो फिरवायला हलका होता, तेल गळत नव्हते आणि वरचा काळा रंग चकचकीत होता. बांधाबांध करताना माझा अंगठा बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवरून फिरला, आणि ड्रॉप आर्म (बॉक्सची ओढ बाहेर देणारा दांडा) जिथे बसतो त्या दात्यांच्या मागे रंगाचा थर किंचित जाड लागला. फिरत्या शाफ्टला इतका रंग कोण लावील, या शंकेने मी तो थिनरने पुसला, तर खाली वेल्ड करून घासल्याची खूण दिसली.

तडा शोधण्याचा लाल द्राव फवारून मी दहा मिनिटे थांबलो, तो पुसून तड्यात मुरलेला रंग वर खेचणारा पांढरा डेव्हलपर मारला, आणि पाहता पाहता वेल्डच्या कडेने केसाएवढी लाल रेघ उमटली. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाला दिलेले पाणी बिघडते. तो भाग वर्षभर टिकेल किंवा पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणावर तुटेल, आणि तो तुटला की हातातल्या चाकाचा पुढच्या चाकांशी काही संबंधच उरत नाही.

“अहो, गाडी शेतातच फिरते. पाचशे कमी करा आणि द्या,” काका म्हणाले. शेतातली गाडी आठवडी बाजाराला घाट चढते, हे त्यांच्याच बोलण्यातून मला कळले होते. मी वाद घातला नाही. शाफ्ट शिकंज्यात धरला आणि ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे केले. (माझे त्यात किती पैसे गेले, ते लिहीत नाही.)

मग निरुपायाने त्यांचे पोते उघडले. या बॉक्समध्ये मळसूत्री खाचेचा कॅम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाबरोबर फिरणारा दंडगोल, असतो आणि लिव्हरवरच्या दोन निमुळत्या पिना त्या खाचेतून सरकतात. चाके सरळ असताना पिना जिथे येतात, तिथे ही खाच मुद्दाम उथळ ठेवलेली असते, कारण सगळ्यात जास्त झीज तिथेच होते आणि प्ले (ढिलेपणा) काढायला वाव लागतो तोही तिथेच. म्हणून बगलेच्या स्क्रूचे समायोजन चाके सरळ ठेवूनच करायचे असते. काकांचा बॉक्स मध्यावर जाम होता आणि दोन्ही टोकांना मोकळा; म्हणजे कोणीतरी चाके वळलेली असताना स्क्रू आवळला होता. मिस्त्रीने ‘बॉक्स गेला’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात पिना शाबूत होत्या, शाफ्टवर तडा नव्हता, आणि फक्त कॅमची बेअरिंगे खराब होती. ती बदलून, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कमी-जास्त करून मी बॉक्स पुन्हा जोडला.

“मग चाक दोन बोटे मोकळे फिरते, ते कशाने?” या त्यांच्या प्रश्नावर मी बेल क्रँकची पिन आणि तिची नीडल बेअरिंगे पुढे ठेवली. बॉक्सकडून येणाऱ्या ड्रॅग लिंक या दांड्याची ओढ तिथून चाके वळवणाऱ्या दोन्ही टाय रॉडकडे जाते, तिथे ग्रीस पोचले नाही की पिन झिजते, आणि दोष बॉक्सच्या माथी येतो.

इसारातून बेअरिंगांचे, मजुरीचे आणि पिनेचे पैसे वळते करून उरलेली रक्कम मी परत केली. काकांनी ती न मोजता खिशात टाकली आणि मिस्त्रीला दाखवण्यासाठी शाफ्टचा एक तुकडा मागून घेतला. दुसरा तुकडा मी त्या व्यापाऱ्यासमोर ठेवला. त्याने पैसे काही परत केले नाहीत, “रंग काढायची काय गरज होती?” एवढेच विचारले.