जमेच्या बाजूला मरण

मावसभावाच्या लग्नाला सुरतला गेलो होतो. हळद संध्याकाळी, सकाळ मोकळी, म्हटलं कतारगाम दरवाज्याकडची इंग्रजांची जुनी दफनभूमी बघून येऊ. रिक्षावाला निघाला आपल्याच खानदेशातला, नंदुरबारकडचा. "तिकडे काय मिळणार दादा, साड्या तर रिंग रोडला," म्हणाला. म्हटलं साड्या नकोत, कबरी बघायच्यात, तर त्याने आरशातून एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुढे गप्पच.

आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतं की चुकून कुठल्या नवाबाच्या मकबऱ्यात आलो. दोन मजली, खांब, कमानी, वर घुमट. आणि झोपलेत कोण तर ईस्ट इंडिया कंपनीचे दोन नोकर, ऑक्झिंडन बंधू. ख्रिस्तोफर 1659 साली गेला, जॉर्ज 1669 ला, दोघं एकाच इमारतीत. मोगल सरदारांचं बघून यांनाही तसंच पाहिजे होतं बहुतेक, म्हणजे शेजाऱ्याने स्लॅब टाकला की आपणही टाकायचा हे तेव्हापासूनचं आहे.

हा जॉर्ज आपल्या ओळखीचा, फक्त शाळेत नावाने भेटलेला नाही. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला होता, पण इंग्रजांची वखार काही पडली नाही, त्या वखारीचा प्रमुख हाच. कंपनीने खूष होऊन सोन्याचं पदक दिलं त्याला. आपण तो धडा वाचला तो सगळा भिंतीच्या बाहेरून, आत बंदुका घेऊन कोण थरथरत उभं होतं हे कोणी सांगितलंच नाही. त्याच्या कबरीपुढे उभं राहून नेमकं काय वाटून घ्यावं तेच कळेना, नमस्कार करणं बरोबर दिसेना आणि राग यायला साडेतीनशे वर्षं उशीर झालेला.

पण मला आवडला तो ख्रिस्तोफर. म्हणजे त्याचा लेख. मूळ लॅटिनमध्ये, आपल्याला कुठलं येतंय, मोबाईलवर इंग्रजी भाषांतर शोधून वाचलं. त्यात साधारण असं, की याला वर्षांचे नाही, नुसते दिवसांचेच हिशेब मांडता आले, कारण मरणाने मधेच वही मागितली. धन्यांनो, नफा किती नि तोटा किती विचारता? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला, पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो की मरण हाच माझा नफा. भाऊ गेल्यावर सुद्धा जमा-नावे! आमच्या आजोबांचं धरणगावला आडत दुकान होतं, ते असते तर म्हणाले असते, मुनीम पक्का होता. हसू आलं आणि मग जरा घशात अडकलं पण.

कारण मरायचे फार हो हे लोक. मुंबईतल्या इंग्रजांत तेव्हा म्हणच होती, माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं.

तिथून जवळच डचांची दफनभूमी. तिथे व्हान रेडे या डच कंपनीच्या अधिकाऱ्याची अष्टकोनी कबर, ऑक्झिंडनच्या वर ताण करायची म्हणून अजून भव्य बांधली असं सांगतात. 1691 मध्ये कोचीनहून सुरतेला येताना हा जहाजावरच वारला. मी मुद्दाम त्याच्यासाठी गेलो होतो खरं तर. मलबारातल्या वनस्पतींवर याने 12 खंडांचा 'हॉर्टस मलाबारिकस' काढला, माहिती दिली इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याने, आणि मदतीला कोचीनचे तीन कोकणी ब्राह्मण, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र कोकणीत, आपल्या नागरी लिपीत, 1675 सालचं, तिकडे ॲमस्टरडॅमला पुस्तकात छापलंय! आता घुमट कोणाला, तर याला. अच्युतन आणि भटमंडळींची कुठे साधी पाटी तरी असेल का, असा विचार करत तिथेच सावलीत बसलो, एवढ्यात फोन, कुठे आहेस, हळद लागायची वेळ झाली.

हॉलवर पोचलो तर मावशी दारातच. कुठे होतास? म्हटलं, इंग्रजांच्या स्मशानात. तिने हळदीचं ताट लगेच मागे घेतलं. "मेल्या, कशाला हात लावू नकोस, आधी आंघोळ करून ये."