रिकाम्या थाळीवर उतरलेली सुई

दापोलीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. रोज येतात ते मिक्सर, होम थिएटर आणि पावसात भिजलेले अॅम्प्लिफायर. रेकॉर्ड प्लेअर वर्षाकाठी सात-आठ. त्यातही सुई धरणारा आर्म सरळ रेषेत सरकणारा, म्हणजे लिनियर ट्रॅकिंगवाला, आजवर हा तिसराच.

आंजर्ल्याच्या एका काकींचा निरोप आला होता. त्यांचे यजमान डॅनिश कंपनीच्या बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, त्यांनीच तो तिकडून आणलेला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात घराची कौलं उडाली, तेव्हा काकींनी तो गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सारला, तो तिथेच राहिला. मी गोधडी सोडली आणि दोन मिनिटं काही बोललोच नाही. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेन कंपनीचा रेकॉर्ड प्लेअर, बिओग्राम ४००२. जेकब जेन्सन या डिझायनरने १९७२ साली बिओग्राम ४००० केला, त्याच्याच पाठचं हे भावंड.

जुन्या वस्तू घेणारे व्यापारी असल्या घरात शिरले की दोन हजार हातावर ठेवून यंत्र उचलतात. मला ते जमत नाही. काकींना मी खरी किंमत सांगितली आणि बंद अवस्थेतल्या यंत्राचे पंधरा हजार ठरवले. त्यांची अट एकच होती, "सुरू झालं की इथे आणून ह्यांची एक तबकडी मला ऐकव. मग ने कुठे न्यायचं ते."

निघताना त्या म्हणाल्या, "आणि हो, रिकाम्या थाळीवर सुरू नको करू हो. हे कुणाला करू देत नसत."

तेव्हा मी त्यांना यंत्र समजावून सांगायला बसलो. रेकॉर्ड तयार करताना तिच्यावर खाच कापणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. नेहमीच्या प्लेअरचा आर्म मात्र एका खिळीभोवती फिरतो, म्हणून त्याची सुई कमानीत सरकते आणि खाचेशी तिचा कोन सतत बदलत राहतो. बिओग्रामचा आर्म एका गाड्यावर बसवलेला असतो. खाच सुईला आत ओढते, आर्म केसभर तिरका होतो, खालच्या फोटोसेलवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या भागावर, पडणारा उजेड तेवढाच बदलतो आणि छोटी मोटर आटे पाडलेला दांडा फिरवून गाडा पुढे नेते. आर्म पुन्हा सरळ. रेकॉर्ड संपेपर्यंत हेच चालू. शेजारी दुसरा आर्म असतो, त्याला सुई नाही, दिवा आणि फोटोसेल आहे. थाळीवर काळ्या पट्ट्या असतात. थाळी रिकामी असली की पट्ट्यांमुळे परतणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून यंत्र ओळखतं की तबकडी नाही, आणि सुई खाली सोडत नाही. "म्हणजे काकी, ते आपलं आपणच बघतं," मी म्हणालो. काकी नुसत्या "बरं" म्हणाल्या.

दुकानात आणून उघडलं तर आत आधी कुणाचा तरी हात फिरलेला. गाड्याच्या बेल्टच्या जागी पुडीला लावायचं रबर, आणि दांड्यावर शिलाई मशीनचं तेल ओतलेलं, त्यात खाऱ्या हवेची धूळ बसून काळा चिकट थर झालेला. असं काम करणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर हातात धरू नये, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणेन. दोन दिवस आयसोप्रोपिल अल्कोहोलने दांड्याचा एकेक आटा पुसला. आर्म खाली सोडणाऱ्या यंत्रणेतलं मूळ ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून नवं भरलं. बेल्टचं माप दोऱ्याने घेऊन बारीक बेल्ट बसवला. पाच पिनांचा डिन प्लग आपल्या अॅम्प्लिफायरला चालत नाही, त्याची जोडणी केली. तिसऱ्या दिवशी गाडा लोण्यातून जावा तसा सरकला. सुई मूळची, कंपनीच्याच एमएमसी मालिकेतल्या कार्ट्रिजची, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या डबीची, भिंगाखाली पाहिली तर टोक शाबूत. या कार्ट्रिजची सुई वेगळी निघत नाही, मोडली की सगळं कार्ट्रिजच गेलं.

त्या संध्याकाळी पाऊस जोरात होता. लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी टेबलावरचा मोठा दिवा लावला आणि रिकाम्या थाळीवर स्टार्ट दाबलं. दुपारपासून सहा-सात वेळा दाबलं होतं, प्रत्येक वेळी आर्म आत जाऊन, काही नाही म्हणून परत आलेला. या वेळी तो थांबला आणि अलगद खाली आला. खाली येण्याची ती संथ चाल मीच सकाळी जुळवून दिली होती. स्टॉपकडे हात जाईपर्यंत पट्ट्यांवरून कर्रर्र आवाज झाला. सुई जिच्यावर बसते ती केसाएवढी नळी आडवी झाली होती.

लाईटच्या येण्याजाण्यात दुसऱ्या आर्ममधला दिवा गेला होता. जुनी फिलामेंट, थंड असताना एकदम करंट आला की तुटते. दिवा नाही, म्हणजे कमीजास्त होणारा उजेड नाही, म्हणजे यंत्राच्या लेखी वर तबकडी आहे. एरवी तो मिणमिणता दिवा विझलेला डोळ्यांना दिसला असता. माझ्या टेबललॅम्पच्या झोतात दिसला नाही.

कार्ट्रिज ओढलं की निघतं, पाच सेकंदांचं काम. पण चाचणीच्या वेळी आर्मचा तोल बिघडू नये म्हणून मी ते आर्मवरच राहू दिलं होतं. परवा बाजारातल्या सोनाराकडे जाऊन ते मोडकं कार्ट्रिज तोललं आणि बरोबर तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा कापून आणला. आता चाचणी त्याच्यावर. हे दहा वर्षांपूर्वी करता आलं असतं. दिव्याच्या जागी एलईडी बसवला, तोही व्यवस्थित चालतो.

पण काकांचं रोज आठवतं. बोटीवरचा इलेक्ट्रिशियन. त्यांना दिव्याचं ठाऊक होतं, की नुसती सवय होती, हे आता कुणाला विचारणार? मी मात्र त्यांच्याच ओटीवर बसून त्यांच्या यंत्राचं शहाणपण शिकवून आलो.

परदेशात मोजके लोक अशी सुई नव्याने बसवून देतात, पण खर्च पंधरा हजारांच्या पुढे जातो. त्याच मालिकेतलं एक वापरलेलं कार्ट्रिज मिळालंय. आवाज चांगला आहे, थोडा कोरडा. काकींना फरक कळेल असं वाटतं, ती तबकडी त्यांनी त्याच सुईवर वर्षानुवर्षं ऐकली आहे. काल त्यांचा फोन आला, "झालं का रे?" मी गुरुवारी येतो म्हटलं. मोडकं कार्ट्रिज डबीत घालून बरोबर नेणार आहे. तबकडी लावायच्या आधी डबी उघडायची, एवढं ठरवलंय.