तुम्ही विचारलंत म्हणून: घुमट तुमच्या घरचं, मग बाकीच्यांना त्याला हात का लावू देतेस?

घुमट म्हणजे आमच्या गोव्याचं मातीचं वाद्य, आणि हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. परवा फोंड्याच्या बाजारात मावशीच्या शेजारीण भेटल्या, त्यांनीसुद्धा विचारलं. अगं तुझं ते घुमटाचं रेकॉर्डिंग होतं ना, त्याच्यावर कोणीतरी गिटार वाजवलीय, कोणीतरी ओव्या म्हटल्यात, एकाने तर मधेच घुमट बंदच करून टाकलंय, तुला राग नाही येत? बाजारात पिशव्या हातात घेऊन एवढं कुठे सांगणार, म्हणून लिहितेय.

मुळात ते गाणं नव्हतंच. चार वर्षांपूर्वीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरच्या आरतीत काका घुमट वाजवत होते ते मी रेकॉर्ड केलं, तीनेक मिनिटांचं. सोबत शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चामड्याचं वाद्य), कांसाळें (मोठ्या झांजा) आणि वाड्यावरचे वीसबावीस गळे. ज्यांनी घुमट बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मातीचं भांडं असतं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, मागचं बारकं तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा त्या बारक्या तोंडाची उघडझाप करतो, त्यातून तो खाली वाकत जाणारा घुमारा निघतो. पहिल्या दिवशी मी माईक चामड्यासमोर ठेवला आणि रात्री ऐकलं तर नुसती टकटक, जीवच नाही. मग दुसऱ्या दिवशी एक माईक मागच्या तोंडाशी लावला, तोही हातभर लांब, कारण जवळ ठेवला की हवेचा भपकारा बसतो. तेव्हा कुठे काकांचं घुमट काकांचं वाटायला लागलं.

ते मी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकलं, म्हणजे कोणीही घ्या, कापा, जोडा, फक्त नाव द्या. या परवान्याचे बरेच प्रकार आहेत, एकात धंद्यासाठी वापरायचं नाही, एकात बदल करायचाच नाही, एकात तुम्ही जे नवीन कराल तेही तसंच खुलं ठेवायचं. मी सगळ्यात सैल घेतला. घरात कोणाला विचारलं नाही, त्याच्यावर येते मी.

पहिला उचलला मडगावच्या एका मित्राने. बेस गिटार वाजवतो, त्याचे आजोबा चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकाकडे, सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकलेले, घरात नोटेशनच्या वह्यांची चळत. त्याला अडचण आली लयीची. आमची आरती सुरू होते सावकाश आणि संपेपर्यंत अशी पळते की कांसाळेंवाल्याचे दंड भरून येतात, आणि सॉफ्टवेअरला तर एकच ठरलेला वेग पाहिजे. त्याने सगळे ठोके पट्टीने आखल्यासारखे रांगेत बसवले, त्यावर बेस टाकला, मला पाठवलं. ऐकायला स्वच्छ होतं, खरंच. मी काकांना हेडफोन लावून दिला. मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "घुमट म्हजें, पूण हात म्हजो न्हय."

त्यांचं बरोबर होतं. काकांची सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाचा पहिला ठोका, कणभर उशिरा पडते, डावा तळवा उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, आणि रांगेत बसवताना तोच उशीर गेला होता. हे मला त्यांचं वाजवणं लहानपणापासून ऐकूनसुद्धा कळलं नव्हतं! मित्राने केलेलं बिघडलं म्हणून कळलं. मग मित्राने उलटं केलं, घुमटाला हातच लावला नाही, प्रत्येक ठोक्याला खूण केली आणि बेस त्याच्या मागे पळवला, तीन मिनिटांत वेग वाढत वाढत जातो तसाच. त्याला पंधरा दिवस लागले.

त्यानंतर कोल्हापूरच्या एका मुलीने त्यावर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, आजीकडून शिकलेल्या. ओवी आपल्या श्वासाने चालते, घुमटाच्या समेशी तिला देणंघेणं नाही, दोन्ही एकत्र वाजतात आणि कुठेतरी पुढे अचानक भेटतात. त्या भेटीच्या जागी मला अजून भरून येतं.

आणि मग नागपूरचा मुलगा, ज्याने घुमट बंद केलं. झालं असं की एका समेच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात पातेलं पडलं होतं, मोठ्याने. मला ते काढता येईना म्हणून मी तसंच ठेवलेलं. त्याने काय केलं, पातेल्यासकट सगळे माईक दोन मात्रा बंद. तिथे फक्त ओवीचा गळा राहिला आणि मग धाडकन घुमट, शामेळ, बेस सगळं समेवर. अंगावर काटा! बरं झालं ते इतकं की त्याने पुढे तीन ठिकाणी मुद्दाम तसंच केलं. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने १९७० च्या दशकात हेच केलं होतं, टेपवरचा गळा काढून घ्यायचा, ड्रम आणि बेस उघडे ठेवायचे, मग गळ्याचा तुकडा परत सोडायचा, त्यालाच डब म्हणतात. हे मला नंतर कळलं, त्या मुलाला आधीपासून माहीत होतं.

आता लोक म्हणतात ही रिमिक्सची थेरं बाहेरून आली. मला हे पटतच नाही. आमच्या हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर १९८० च्या दशकात डीजे लोक कॅसेटी कापून जोडून वाजवायचे, नंतर डॅट टेपा (डिजिटल कॅसेटी) आल्या, इथल्या उन्हात तबकड्या वाकतात म्हणून, ते बाहेरून आलं हे ठीक आहे. पण नाट्यसंगीताचं काय? ख्याल-ठुमरीच्या बंदिशी घेऊन त्यावर मराठी पदं बांधली, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या त्या अशाच, आणि मग गावोगावच्या गायकांनी त्या आपापल्या गळ्यात वळवल्या. वास्कोचा सप्ताह घ्या, चोवीस तास भजन अखंड, एक फळी थकली की दुसरी उचलते. तिथे कोणी विचारतं का की हे भजन आता कोणाचं?

घुमटसुद्धा तसंच्या तसं राहिलेलं नाही. पूर्वी त्यावर घोरपडीचं चामडं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं लावतात. काका म्हणतात आवाज जाड झाला, त्यांनी बोटं बदलली. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते हे बदललेलंच घुमट.

मग राग येतच नाही का? येतो. एका जाहिरातीत आमचं घुमट वाजलं, कुठेही नाव नाही, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. मुंबईत जुन्या हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आमच्या गोव्याची केवढी माणसं होती, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि यांनी पूर्ण ऑर्केस्ट्राचं कागदावर लिहायचं, कोणत्या व्हायोलिनने कुठे काय वाजवायचं तेसुद्धा. पडद्यावर नाव आलं तर साहाय्यक म्हणून. त्यामुळे नाव हा माझ्यासाठी बारका मुद्दा नाही, अजिबात नाही.

पण त्याच रागात मी माझं मूळ रेकॉर्डिंग उघडून बघितलं. खाली नाव माझं एकटीचं. काकांचं नाही, शामेळवाल्याचं नाही, ज्या गळ्यांनी ती चाल माझ्यापर्यंत आणली त्या वाड्याचं नाही. मी माईक धरला होता फक्त. त्या रात्री बसून सगळ्यांची नावं घातली, जे गेलेत त्यांचीसुद्धा, काकांकडून विचारून विचारून. मडगाव, कोल्हापूर, नागपूर तिघांनाही कळवलं, तिघांनीही आपापल्याकडे बदललं.

काकांना नागपूरवालं ऐकवलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. हेडफोन काढला, परत लावला. पुढच्या चवथीला आरती पळायला लागली आणि समेच्या आधी काकांचे दोन्ही हात घुमटावरून उचलले गेले, दोन मात्रा, नुसते गळे, शामेळवाला गोंधळून थांबला, आणि मग सगळे एकदम समेवर. दुसऱ्या दिवशी पोरांनी हट्ट करून तेच परत करून घेतलं.

गेल्या चवथीला मी पलीकडच्या वाड्यावर आरतीला गेले होते. तिथला दहाबारा वर्षांचा मुलगा घुमट वाजवत होता, त्याने नेमकी तीच जागा सोडली. आरतीनंतर नेवरी खात त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं रे? म्हणाला, कोणी नाही, आमच्या वाड्याची जुनी चाल आहे ती.