ठकीला खायला काय घालता?

मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या वाढदिवसाला, भारतातून येणाऱ्या दर दुसऱ्या फोनवर हा प्रश्न ठरलेला. त्याच्या मागोमाग आणखी एक येतो, तो लोक आवाज खाली करून विचारतात: बोकड गिळेल का हो? विचारलंत म्हणून सांगते. लहानसा बोकड गिळेल. मी घालणार नाही.

ठकी म्हणजे आमची बर्मीज अजगर. मादी, तेरा फूट, वजन तीस किलोच्या आसपास. आम्ही ओहायोत राहतो. इथल्या झेन्सव्हिल गावात २०११ साली एका माणसाने स्वतःकडचे वाघ-सिंह मोकळे सोडले, त्यानंतर २०१२ मध्ये कायदा झाला. त्यानुसार बारा फूट आणि त्याहून लांब बर्मीज अजगराला परवाना लागतो. तो आमच्याकडे आहे. भारतात मात्र हा नाद कुणी करू नका. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

बोकडाचा प्रश्न उगाच पडत नाही म्हणा. आमच्याच राज्यातल्या सिनसिनाटी विद्यापीठातले ब्रूस जेन याच जातीच्या अजगरांचे जबडे किती ताणतात ते मोजतात. फ्लोरिडात या अजगरांनी उच्छाद मांडलाय, तिथून त्यांना नमुने मिळतात. २०२४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ सेंटिमीटर व्यासाचा जबडा नोंदवला. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे जुळलेली नसतात आणि मधली कातडी खूप ताणते, म्हणून हे जमतं. त्यांच्या त्याच शोधनिबंधात ३५ किलोचं हरीण गिळलेला एक अजगर आहे, त्याचं स्वतःचं वजन ५२ किलो. ही बातमी आली तेव्हा मला ती इतक्या जणांनी पाठवली की शेवटी मी फोन बाजूला ठेवला.

पण त्या हरणावरून ठकीचं ताट कसं ठरवायचं? रानातल्या अजगराला पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो. समोर आलं ते मोठं असलं तरी तो पत्करतो, आणि कधी त्यात मरतोही. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीत सहा फुटी मगर गिळलेला अजगर पोट फाटलेल्या अवस्थेत सापडला होता. ठकीचं पुढचं जेवण आमच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये आहे. तिने जीव कशाला पणाला लावायचा? तोंडात काय मावतं हा मोठं भक्ष्य बघायला जमणाऱ्यांचा प्रश्न आहे. पाळणाऱ्याने किती कमी पुरतं ते बघावं.

तर ठकी ससा खाते. मारून गोठवलेला, दीड ते दोन किलोचा, चार ते सहा आठवड्यांनी एक. एवढंच? हो, एवढंच. पिल्लू असताना तिच्या वजनाच्या दहा-बारा टक्के भक्ष्य आठवड्याला लागायचं, वाढ होत होती. पूर्ण वाढलेल्या अजगराला पाच-सहा टक्के आणि लांब खंड पुरतो. भक्ष्य जाडीला अजगराच्या सर्वात जाड भागाएवढं किंवा थोडं कमी, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम लहान अजगराला ठीक आहे. मोठ्याला तो लावला तर खाणं गरजेच्या फार पुढे जातं.

उपाशी अजगराचं आतडं आक्रसलेलं असतं. भक्ष्य पोटात गेलं की एरवी बंद ठेवलेलं घर लग्नासाठी उघडावं तसं सगळं शरीर कामाला लागतं. सेकोर आणि डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे बर्मीज अजगरांवरच मोजलं: एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि शरीराचा ऊर्जाखर्च कित्येक पटींनी चढतो. (हृदय चाळीस टक्के वाढतं हेही २००५ पासून सगळे सांगतात, पण नंतरच्या काही अभ्यासांत ती वाढ दिसली नाही, तेव्हा ते जपून सांगावं.) हा खटाटोप पुरा व्हायला वेळ द्यावा लागतो. दर आठवड्याला तेच लादलं तर चरबी साठते, यकृतावर चढते. लठ्ठ अजगर ओळखायला सोपा असतो. वळला की अंगावर घड्या पडतात, खवल्यांमधली कातडी उघडी दिसते. फोटोत तो फार भारदस्त दिसतो, हीच अडचण आहे.

"खाटकाकडचं मटण का नाही देत?" हा पुढचा प्रश्न. कारण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कॅल्शियम हाडांत, जीवनसत्त्व अ यकृतात. अख्खा प्राणी हेच पूर्ण जेवण. हाडं पूर्ण पचतात, केस तेवढे विष्ठेतून बाहेर येतात. मग अख्खंच द्यायचं तर ससाच का? मोठे उंदीर सशाहून चरबीदार, आणि एका सशाऐवजी पाच-सहा लागतात. गिनीपिगही स्निग्ध. डुकराची पिल्लं तर विचारूच नका. कोंबडी मी मधूनच देते, पिसांसकट. ती अंगाला हलकी, पण नंतरची विष्ठा पातळ येते आणि वास दोन खोल्या सोडत नाही. शेजारचे आजोबा शिकारी आहेत, खारी आणून देऊ का म्हणतात. प्रेमाने विचारतात, मी प्रेमाने नको म्हणते. रानातल्या प्राण्यात कृमी, छर्रे, कधी उंदराचं विष, काय काय असेल कोण सांगणार.

सासूबाईंनी मात्र पुण्याहून फोनवर वेगळंच विचारलं होतं, "नागपंचमीला तरी तिला दूध घालतेस ना गं?" म्हटलं, "नाही आई, साप दूध पीत नाहीत, पचतही नाही त्यांना." त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग पाणी तरी ताजं ठेव." हे मात्र अगदी बरोबर होतं.

जिवंत ससा सोडावा असं सांगणारे इथे अजून भेटतात, "तिला शिकारीचा आनंद मिळू दे." उंदराचे दात अजगराची पाठ हाडापर्यंत कुरतडू शकतात, सशाची मागची लाथ डोळा फोडू शकते. आणि कोपऱ्यात भेदरून बसलेल्या सशाच्या आनंदाचं काय?

गोठवलेल्या सशाचं काम चोवीस तासांचं. आदल्या दिवशी फ्रीजमध्ये खाली उतरवायचा, सकाळी जाड पिशवीत बांधून गरम पाण्याच्या बादलीत. मग पोटावर बोट दाबून बघायचं. वरून ऊबदार आणि आत गोळा थंड लागला तर अजून नाही. आतला बर्फ वितळून पचन होण्याआधीच ससा सडायला लागतो आणि अजगर तो ओकून टाकतो. शेवटी डोक्यावर हेअर ड्रायर फिरवायचा, कारण ठकीच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता कळते आणि गरम टोकावर ती झेपावते. लांब चिमट्याने पुढे धरायचा. नवरा दाराशी उभा असतो. एवढ्या मोठ्या अजगराला एकट्याने कधीही खायला घालायचं नाही, आणि हाताला सशाचा वास असताना तर जवळही जायचं नाही. ती वेटोळं घालते, ससा मेलेला असला तरी आवळते, मग जिभेने चाचपत डोकं शोधते. डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस मागे दुमडतात. हे बघायला मुलं शेजारच्या मित्रांना बोलावतात, पहिली पाच मिनिटं सगळे श्वास रोखून असतात, मग एकेक जण खेळायला पळतो.

हिवाळ्यात कधी कधी ती तोंडच लावत नाही. महिना, दोन महिने. नवे पाळणारे अशा वेळी घाबरून ससा बदलून बघतात, मोठा देतात, तोंडापाशी नाचवतात. मी तिचं वजन करते आणि तिच्या पिंजऱ्याच्या गरम बाजूचं तापमान बत्तीस अंशांच्या आसपास आहे ना ते बघते. दोन्ही जागेवर असलं तर ससा टाकून देते, पुन्हा गोठवत नाही, आणि तीनेक आठवड्यांनी दुसरा काढते.