कोलेस्टेरॉल वाढलंय, तरी गोळी का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाऊजींनी विचारलं, मजल्यावरच्या सगळ्यांनी विचारलं, हळदीकुंकवाला आलेल्या एकीने तर फाइलच मागितली. कोलेस्टेरॉल २१८, डायलिसिसवर आहेस, गोळी नाही आणि वर अंडी खातेस?

अंड्याचा पांढरा भाग खाते, प्रथिनांसाठी. बलक काढते तो फॉस्फरसमुळे. आणि भेटायला येताना शहाळं आणू नका, पोटॅशियम चढतं.

आता गोळी. ती मी बंद केलेली नाही, डॉक्टरांनी सुरूच केली नाही. 'केडिगो' या मूत्रपिंडाच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात हेच आहे: डायलिसिसवरच्या माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावी. त्यामुळे माझं ऐकून कुणी आपली बंद करू नका.

परळच्या सेंटरमध्ये माझ्या बाजूच्या बेडवर एक काका असायचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. एकदा सुई लागायच्या आधीच त्यांनी रिपोर्ट पुढे केला. कोलेस्टेरॉल ११८. "ताई, पंचविशीतलं रक्त आहे बघा." मला हेवा वाटला. घरी येऊन मी पोळीवरचं तूप बंद केलं. पण काकांचा डबा तसाच परत जात होता, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता, टेक्निशियन दर थोड्या दिवसांनी त्यांचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, खाली आणत होता. डॉक्टर कोलेस्टेरॉलकडे बघतही नव्हते, अल्ब्युमिनच्या, म्हणजे कुपोषणात घसरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाच्या, आकड्यावर बोट ठेवून उभे राहायचे. गणपतीनंतर काका गेले. त्यांची मुलगी चादर आणि रेडिओ न्यायला आली आणि मलाच विचारलं, "रिपोर्ट तर इतका चांगला होता ना, काकू?" मी चादरीची घडी घालून दिली. दुसरं काय करणार होते?

कोलेस्टेरॉल कमी झालं म्हणून काका गेले, असं नाही. अंगातला दाह (इन्फ्लमेशन, पाण्याची सूज नव्हे) आणि कुपोषण माणसाला खातात, आणि हीच दोन्ही कोलेस्टेरॉलही खाली ओढतात. म्हणून डायलिसिसवर कमी आकडेवाले जास्त दगावताना दिसतात. २००४ च्या एका अभ्यासात ही दोन्ही नसलेल्या रुग्णांत मात्र जास्त कोलेस्टेरॉल धोक्याचंच निघालं. म्हणजे माझ्या २१८ वर पेढे वाटायचं कारण नाही, कारण मी व्यवस्थित जेवते.

"मग घे ना गोळी! डायलिसिसवाले हृदयानेच जातात," असं तूप बंद करणारी ती मी अजून म्हणते. खरंय. पण जर्मनीतल्या 'फोर-डी' चाचणीत (२००५) डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिलं, 'ऑरोरा'त (२००९) पावणेतीन हजारांहून जास्त जणांवर रोझुव्हास्टॅटिन बघितलं. वाईट कोलेस्टेरॉल धाडकन उतरलं, हृदयविकार आणि त्याचे मृत्यू म्हणावे तसे उतरले नाहीत. आमच्या हृदयाची दुखणी निराळी: रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम, अंगात साचणारं पाणी, ठोक्यांची अचानक गडबड. तरी २०११ ची 'शार्प' चाचणी पूर्ण निराशा करत नाही. त्यात डायलिसिसवर न गेलेलेही होते आणि एकूण गटाला फायदा झाला. त्यातला माझ्या वाट्याचा किती, ते डॉक्टरांना दर लिपिड प्रोफाइलनंतर (कोलेस्टेरॉलच्या तपासणीनंतर) विचारते. ते म्हणतात, आधी अल्ब्युमिन दाखवा.

तूप परत सुरू केलंय. अर्धा चमचा.